आतला स्क्रू

गिअरमास्तरांना गल्लीत सगळे याच नावाने ओळखत, आणि त्यांनाही ते आवडे. त्यांनी लावलेला गिअर कधी कुरकुरला नाही, अशी त्यांची ख्याती. कुरकुरायचं काम ते स्वतः करत, विशेषतः रविवारी.

रविवारी त्यांची बायको दातांच्या डॉक्टरबरोबर टेकडीवर सायकलने जाई. तसे तिघे-चौघे आणखीही असत, पण मास्तरांना दिसायचा तो डॉक्टरच. उंच, बोलका, आणि वर रेशमासारखे केस! मास्तरांच्या पोटात दुखायला तेवढं पुरे होतं. त्यात परवा त्यांनी पाहिलं, की बायकोच्या सायकलला हिरवी बाटली आणि डॉक्टरच्या सायकललाही तस्सीच हिरवी बाटली. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि शनिवारी हाच गृहस्थ पुढचं डिरेलर बदलायला मास्तरांच्या सायकल दुकानात हजर. पेडलजवळच्या दोन दातेरी चकत्यांवर चेन इकडून तिकडे ढकलणारा तो छोटा पिंजरा. डॉक्टरच्या सायकलचा तो वाकला होता.

मास्तरांनी नवा पिंजरा बसवला. मोठ्या चकतीच्या दातांवर नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवली, पिंजरा चकतीला समांतर केला. मग आतला स्क्रू, म्हणजे लहान चकतीवर येताना चेन आत घसरू नये म्हणून पिंजऱ्याला अडवणारा. मग केबल ताणून बांधली, शेवटी बाहेरचा स्क्रू. जळफळाट कितीही असो, हात खोटं काम करेनात.

"वा, मास्तर!" डॉक्टर म्हणाला. "वहिनींना सांगा, उद्या चढावर मी पुढे असणार."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "थांबा, एकदा शेवटचं बघतो," म्हणत ते वाकले आणि आतला स्क्रू एक फेरा सैल केला. चढ लागला की गडी लहान चकतीवर येणार, चेन आत पडणार, हा बसेल काळे हात घेऊन आणि बायको जाईल पुढे निघून. रात्री मास्तरांना छान झोप लागली.

सकाळी मात्र परतायची नेहमीची वेळ टळली तरी बायको येईना. मास्तर दारात उभे, मग फाटकात, मग थेट रस्त्यावर. शेवटी दोघं आली, दोघांचेही हात काळेकुट्ट, आणि हसू आवरत नव्हतं.

"मास्तर, वहिनींचा हात तुमच्यावर गेलाय!" असं ओरडून डॉक्टर पुढे गेला.

म्हणजे ती थांबली होती. मास्तरांनीच तिला लग्नानंतर या दुकानात चेन चढवायला शिकवलं होतं, हे ते साफ विसरले होते.

ती मोरीपाशी हात घासत होती. "आतला स्क्रू अख्खा एक फेरा बाहेर होता," ती मान वर न करता म्हणाली.

"ढिला झाला असेल."

"तुमचा?"

मास्तर खुंटीवरचा टॉवेल उगाच सारखा करू लागले.

"डॉक्टरांनी विचारलं, मास्तर कसे चुकले. मी म्हटलं, निघताना तो स्क्रू मीच सैल केला, गंमत म्हणून. दुसरं काय सांगणार होते? माझ्या नवऱ्याचा माझ्यावर भरवसा नाही म्हणून?"

खरं तर इथे गप्प बसायचं होतं. पण मनात साठलेलं बाहेर पडलंच. "मग त्या हिरव्या बाटल्या कसल्या? सारख्या सारख्या!"

तिने नळ बंद केला आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"जोडी आणली होती, अहो. एक माझ्यासाठी, एक तुमच्यासाठी. 'मला कुठे जायचंय,' म्हणालात आणि पुन्हा चाकात डोकं घातलंत. तुमची महिनाभर फळीवर पडून होती. मग दिली त्यांना."