पाणी गेलंय

मी तेव्हा शहरातल्या रुग्णवाहिका केंद्रात फोन घ्यायचे. सगळ्या विभागातले फोन आमच्याकडे यायचे, आणि दुष्काळात त्यात रुग्णांपेक्षा तहानलेलेच जास्त. शहर मुकुंदवाडीच्या पुढे शेतांत पसरत चाललं होतं, टँकर काही तेवढे वाढत नव्हते. आमचा नंबर फुकट लागतो म्हणून लोक आम्हालाच विचारायचे, "गाडी कवा येणार?" आमची गाडी म्हणजे रुग्णवाहिका, त्यांची गाडी म्हणजे टँकर.

मला मुळातच चौकशीची खोड. फोनवर मागे कोंबडं आरवलं तरी गाव कोणतं असेल याचा अंदाज बांधत बसायचे. केंद्राला सरकारी अनुदान कशावर मिळतं, हेही मीच खोदून विचारलं होतं. फोन किती लवकर उरकतो त्यावर, असं कळलं. लांबला की शेरा, आणि शेऱ्यांच्या यादीत माझं नाव सगळ्यात वर. म्हणून त्या महिन्यात जीभ आवरायचं ठरवलं.

एका सकाळी गंगापूरकडच्या वस्तीवरून एका बाईचा फोन आला.

"ताई, पाणी गेलंय. गाडी धाडा लवकर."

"मावशी, पाण्याच्या गाडीचा नंबर वेगळा आहे, घ्या," म्हणत तो सांगितला आणि ठेवून दिला.

चहा पिताना तो आवाज डोक्यातून जाईना. त्या वस्तीवर नळच नाहीत, मग पाणी जाईल कुठलं? आणि एकदम लख्ख कळलं. दोन बाळंतपणं झालेली बाई मी. कुणाचं पाणी गेलं, एवढंही विचारलं नव्हतं. स्वतःची भयंकर लाज वाटली. कप तसाच ठेवून त्या बाईचा नंबर फिरवला.

"सुनंचं गेलंय, माय," ती म्हणाली. "तुमी सांगितलेला फोन कुणी उचलंना."

या वेळी मी शेताचा रस्ता, महिने, कळा, सगळं विचारलं आणि गाडी पोचेपर्यंत फोन सोडला नाही. पोरगी गाडीतच झाली. दोघी सुखरूप होत्या.

पुढे अनुदान ठरवणारे साहेब आले. कागद बघून त्यांनी माझं कौतुक केलं आणि नमुना म्हणून महिन्यातला सगळ्यात झटपट उरकलेला फोन सगळ्यांना ऐकवला. "ताई, पाणी गेलंय..."

"असं काम पाहिजे," साहेब म्हणाले.

मी उठले. "साहेब, त्याच नंबरचा अजून एक फोन आहे. लांब आहे, पण तोही ऐका."