हिरव्या टिकलीची डिस्क

बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गर्दीत, ललिता केसकरांचं जुन्या व्हिडिओ गेम्सचं दुकान आहे. दुकान कसलं, एक काउंटर, मागे एक टीव्ही आणि टीव्हीसमोर स्टेअरिंगचं चाक बसवलेली लोखंडी खुर्ची. बाहेर पाटी: ‘विकलेली डिस्क परत घेतली जाणार नाही. आम्ही ती आधीच चालवून पाहिली आहे.’ पुण्यात पाट्यांना तोटा नाही, पण ही पाटी शब्दशः खरी होती आणि ललिताबाईंना तिचा भारी अभिमान होता.

रेसिंग गेमची एक गोम असते. खोक्यावर मोटारीचं झकास चित्र असतं, पण आतला गेम कुठल्या कंपनीच्या चाकाला ओळख देईल, याचा पत्ता नसतो. एखादा तर मेनूत चाकाचं ऐकतो आणि शर्यत सुरू झाली की ओळखच विसरतो. मग गिऱ्हाईक तणतणत परत येतं. या कटकटीला वैतागून ललिताबाईंनी ऐन पन्नाशीत स्वतःच गाडी हाणायला सुरुवात केली. दुकानातल्या प्रत्येक चाकावर प्रत्येक गेमची एक अख्खी शर्यत. मग तुळशीबागेतून आणलेली टिकली खोक्यावर चिकटवायची: हिरवी म्हणजे चाकावर चालतो, लाल म्हणजे नुसत्या हातातल्या कंट्रोलरवर. कुठलं चाक, ते टिकलीखाली बारीक अक्षरात. अशा टिकल्यांनी नटलेलं कपाट हाच त्यांचा कॅटलॉग. धाकटा भाऊ अनंत दुकानात मदतीला असे. ताईला साधी स्कूटर येत नाही, हे त्याला माहीत होतं. तो म्हणे, “आता लायसन्स काढून टाक. सराव झालाच आहे.”

एका सकाळी बजरंग हुलावळे कुबड्या टेकत दुकानात आले. फोनवर मागवलेली डिस्क त्यांनी काउंटरवर ठेवली. हिंजवडीचा हा माणूस आयटी कंपनीची बस चालवायचा. मधुमेहाने उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला आणि नोकरी गेली. मुलगा बंगळुरूला, त्याचा गेम खेळायचा कन्सोल आणि चाक घरात पडून.

“टिकली हिरवी हाय बाई,” बजरंग म्हणाले. “चाक बी फिरतंय. पण गाडी जागची हालत न्हाय. ती पायच मागतीया. डाव्या पायात जाणीवच न्हाई राहिली, किती दाबला ते कळत न्हाय.”

ललिताबाईंनी खुर्चीकडे पाहिलं. खाली वेगाचं आणि ब्रेकचं अशी पेडलं होती. प्रत्येक शर्यतीत त्यांचे दोन्ही पाय त्या पेडलांवर होते. पायांशिवाय कुणी गाडी चालवू पाहील, हे त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“पैसे देते परत,” त्या म्हणाल्या.

“पैसं नकोत. मला गाडी चालवायचीय. घरात बसून डोकं फिरायची पाळी आलीया. चाक धरून निस्त्या हातानं चालंल अशी एखादी हाय का, तेवढं सांगा.”

“मला माहीत नाही,” ललिताबाई म्हणाल्या. बुधवारातल्या दुकानदाराच्या तोंडी हे वाक्य सहसा येत नाही. “पण शोधते.”

बजरंग गेल्यावर अनंतने दाराकडे बोट दाखवलं. “पाटी उतरवू?”

“नको. खरी करायची आहे.”

त्यांनी पेडलची वायर उपटली आणि पहिल्या डिस्कपासून पुन्हा सुरुवात केली. काही गेम पेडलशिवाय हलेनात. काही सेटिंगमध्ये वेगासाठी बटण निवडू देत आणि शर्यतीत त्याला जुमानत नसत. जो जरा बरा चाले, तो नेमका बजरंगांच्या घरी होतं त्या कंपनीच्या चाकाला ओळखत नसे. गिऱ्हाइकांना ‘शर्यत संपू द्या’ असं सुनावत त्या खेळत राहिल्या. मनगट सुजलं, तर त्यावर पट्टी बांधून पुढची डिस्क घातली.

“एका माणसासाठी एवढं?” अनंत म्हणाला.

“टिकली मी लावली होती. त्यांनी नाही.”

शेवटी कपाटाच्या तळाशी, खोक्याला तडा गेलेली, कुणी कधी न विचारलेली एक डिस्क निघाली. ती बजरंगांच्या चाकालाही ओळखत होती, आणि चाकामागच्या, एरवी गिअर बदलायच्या दोन पट्ट्यांपैकी उजवीवर वेग घेता आला, डावीवर ब्रेक. ललिताबाईंनी अख्खी शर्यत पार पाडली, विश्वास बसेना म्हणून पुन्हा एकदा पार पाडली आणि मग फोन उचलला.

बजरंग आले. अनंतने धरून त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, सवयीने हात वर आरशाकडे नेला, तिथे काही नव्हतं, तो खाली घेतला. शर्यत सुरू झाली. बाकीच्या गाड्या भुर्रकन निघून गेल्या. बजरंग वळण आलं की वेग कमी करत, अंतर राखत, कुठेही न घासता निघाले होते. चेहरा मात्र उजळला होता.

“काका, दाबा की जरा,” अनंतला राहवेना. “शेवटचे येताय.”

“येऊ दे,” बजरंग पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “मागं माणसं बसल्यात.”

ललिताबाईंचे डोळे भरून आले. गाडी शेवटच्या रेषेपाशी पोचेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या, मग खोक्यावरच्या हिरव्या टिकलीशेजारी त्यांनी एक नवी, पिवळी टिकली लावली, खाली बारीक अक्षरात ‘नुसत्या हातांनी’ लिहिलं आणि टिकली अंगठ्याने घट्ट दाबली.