उशिराची मुळं आणि एक टॉवेल

कपाट उघडलं की त्या टॉवेलच्या खळीचा वास येतो. मी तो वापरत नाही. धुतला तर वास जाईल. त्या वासासरशी माझा तापटपणाही आठवतो. तो मात्र धुऊनही गेला नसता.

फ्रेंच शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला सोलापुरात कोण विचारतो? म्हणून शेजारच्या गल्लीतले एक विणकर माझ्याकडे इटालियन शिकायला आले, तेव्हा मी हरखलो; तीही भाषा मला बऱ्यापैकी येत होती. घरी तेलुगू, बाहेर मराठी बोलणारा साठीचा माणूस. लेक इटलीत, आणि नातीला तिथल्या भाषेखेरीज काही येत नाही. ती पहिल्यांदाच येणार होती. तिच्याशी चार शब्द बोलता यावेत, एवढीच त्यांची आस.

शिकवणी संध्याकाळी सहाची. अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून सायकल दामटत ते यायचे सातला, कधी साडेसातला. "लूम मधीच थांबवलं की कापडात रेघ पडती की, सर. लावलेला टॉवेल पुरा करूनच उठायचं, आमची रीत हाय." एकदा मी चिडून त्यांना उशिराचेच शब्द दिले: फ्रेंच 'तार', स्पॅनिश 'तार्दे', इटालियन 'तार्दी'. वर म्हणालो, "वेळ पाळता येईल तेव्हाच या." ते पुन्हा आले नाहीत.

पुढे शब्दकोश चाळताना या साऱ्यांचं लॅटिन मूळ समोर आलं: 'तार्दुस', म्हणजे संथ. उशिरासाठी लॅटिनमध्ये आणखी एक शब्द आहे, 'सेरुस'. त्यातून इटालियनांची 'सेरा' आली, फ्रेंचांचा 'स्वार' आला. दोन्हींचा अर्थ संध्याकाळ. उशिराच्या पोटी इतकी निवांत वेळ जन्मली, आणि नेमक्या त्याच वेळी मी एका आजोबाला दारातून परत पाठवलं होतं. माझी मलाच लाज वाटली. तरी पाऊल उचलेना. अखेर कळलं की नात आली आहे आणि दोघं एकमेकांकडे बघून नुसती हसतात.

त्याच संध्याकाळी कारखाना गाठला. खडखडाटात त्यांच्या कानाशी ओरडलो, "चुकलो मी. फार उशीर केला."

"कुटं उशीर, सर? पोरगी अजून चार दिवस हाय की." त्यांनी लूमकडे बोट केलं. "एवढा पुरा करतो, मग घरी जाऊ."

मी स्टुलावर बसलो. नातीला पहिलं काय म्हणायचं, ते मनात जुळवत राहिलो. किनार यायला बराच वेळ लागला. आयुष्यभर मी लोकांना ताटकळत ठेवल्याबद्दल बोल लावला; त्या दिवशी पहिल्यांदा कुणासाठी नीट थांबलो.

तोच हा टॉवेल. उजेडात कितीदा धरून पाहिला, त्यात कुठेही रेघ नाही.