ऐंशी अंशांचे पाणी

लंडनच्या इल्फर्ड भागातल्या माझ्या घरमालकांइतका पाण्याच्या तापमानाचा विचार करणारा माणूस साऱ्या इंग्लंडमध्ये दुसरा नसावा. मूळचे पुण्याचे हे काका ब्रिस्टलच्या कारखान्यात विमानांची इंजिने तपासून निवृत्त झाले होते. तपासायला आता फक्त घर उरले होते. कुकरच्या शिट्ट्या ते वहीत लिहीत, कौन्सिलचा कचऱ्याचा डबा कुंपणाला समांतर आहे की नाही हे टेपने मोजत. दुपारी चारला मात्र वही मिटून काकूंसमोर चहाला बसत. २००५च्या सुमारास डॉक्टरांनी काकूंची साखर बंद केली. "साखर नाही तर चहाही नको," एवढेच काकू म्हणाल्या, आणि चारच्या टेबलावरची त्यांची खुर्ची रिकामी राहू लागली. साखरेची आठवणच होणार नाही असा चहा शोधायला काका बाहेर पडले.

सेंट्रल लंडनमधल्या एका जपानी दुकानातून त्यांनी हिरव्या भुकटीचा डबा आणला. या चहाचे नाव माचा, हे आमच्या रस्त्यावर तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पहिल्या दिवशी त्यांनी तो आपल्या पद्धतीने, आले घालून, दूध ओतून खळखळ उकळला. काकूंनी पातेल्यात डोकावून विचारले, "पालक नीट धुतला होता ना?" दुसऱ्या दिवशी काका पुन्हा दुकानात गेले आणि तिथल्या बाईंना प्रश्न विचारून वहीची पाच पाने भरून परतले. भुकटी बारीक गाळणीतून चाळायची. उकळत्या पाण्याने ती कडू होते, म्हणून थर्मामीटर ऐंशीवर उतरेपर्यंत थांबायचे. मग फेस येईपर्यंत घुसळायचे. घुसळायची बांबूची नाजूक कुंचली हीटरवर वाळत घातल्यामुळे तडकली, तेव्हा काकूंची ताकाची रवी कामी आली. पुढचा आठवडाभर घरातले ताक किंचित हिरवे निघत होते.

माचाचे फायदे ते मला सांगत, पण तोंड स्वयंपाकघराकडे करून. इतर चहाचे पान आपण फेकून देतो, याचे अख्खे पान पोटात जाते. डोके जागे राहते आणि मन शांत. मी वर्तमानपत्रात काम केलेले असल्यामुळे पुरावा मागितला. "मी स्वतः," काका म्हणाले. "काल दुपारी सोफ्यावर घोरत कोण होतं, विचार त्यांना," आतून काकू म्हणाल्या. दाव्याला दुजोरा मिळाला नाही.

खुर्ची रिकामीच होती. एकदा वही चाळताना काकांना त्या पाच पानांतली दुर्लक्षित ओळ सापडली: जपानी लोक या चहाआधी काहीतरी गोड खातात. त्यांनी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून एका बेदाण्याची परवानगी मागितली. नर्सने "एकच ना?" असे दोनदा विचारून ती दिली.

चार वाजता रिकाम्या खुर्चीसमोर बशी होती, बशीत एक बेदाणा, शेजारी माचाचा वाडगा. काकू बराच वेळ दारात उभ्या राहिल्या. मग बसल्या, बेदाणा सावकाश चावला, वाडगा दोन्ही हातांनी उचलला. काका थर्मामीटरकडे पाहत राहिले.

"कडूच आहे हो," काकू म्हणाल्या. "उद्या पाणी थोडं जास्त घाला."

काकांनी ते वहीत लिहून घेतले. एवढ्याशा वाक्याला त्यांना बराच वेळ लागला.

पुढे मी इल्फर्ड सोडले. आता माचा कोणत्याही कॅफेत मिळतो, दूध आणि भरपूर साखर घालून. मी बिनसाखरेचा मागतो आणि आधी खिशातला एक बेदाणा खातो. का, ते अजून कोणी विचारलेले नाही. विचारले तर ऐंशी अंशांपासून सुरुवात करावी लागेल.