अनंतगिरीचा मिस्त्री

कुकटपल्लीत माझी स्कूटर दुरुस्त करणारा मिस्त्री मूळचा अनंतगिरीच्या डोंगरातला. तिकडे जायचंय म्हटलं की हातातला पाना खाली ठेवून तो सुरू होई. "साब, सूरज के पहले निकलो. बंदरां के सामने थैली नक्को खोलो. और रास्ता तो बिल्कुल नक्को छोडो!"

गेल्या महिन्यात आम्ही नवरा-बायको गेलो आणि फुलपाखरांच्या नादात वाट सोडलीच. अर्ध्या तासाने पुन्हा त्याच वारुळापाशी आलो, तेव्हा बायको रडकुंडीला आली. मी घाबरून मिस्त्रीला फोन लावला.

तो रागावला नाही. "चुप खडे रहो. मंदिर की घंटी किधर से आरी?"

"डावीकडून. खालून."

"उधरीच चलो. फोन नक्को रखो."

आम्ही डांबरी रस्त्याला लागेपर्यंत तो फोनवर होता. मागून गिऱ्हाइकं त्याला हाका मारत होती.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन गेलो. डबा न उघडताच त्याने हळूच विचारलं, "साब, ऊपर सीताफळां पके क्या? पाँच साल हुए, मैं गयाच नई."

"मला झाडावरचं पिकलेलं फळ ओळखू येत नाही," मी म्हणालो. "रविवारी तुम्हीच दाखवा."

रविवारी दुकान बंद होतं. स्कूटर तो चालवत होता आणि मी मागे बसलो होतो.