पहाऱ्याचा चार्ज

ती घटना आठवली की आजही मान आपोआप छताकडे वळते. खात्यात जन्म गेला, पण ही केस वर्दी उतरवल्यानंतरची. मुलीकडे हॅम्बर्गला राहायला गेलो होतो.

खबर दिली मुलीनेच. "बाबा, वरचे आजोबा एकटे राहतात. पण रोज संध्याकाळी तिथे खुर्च्या सरकतात, माणसं बसल्यासारख्या."

"आम्ही हाउसफेरवाल्टुंगकडे, म्हणजे इमारतीच्या व्यवस्थापनाकडे, तक्रार केलीय," जावई म्हणाले. "आणखी एक गेली की आजोबांना घर सोडावं लागेल."

"अहो, इथे तरी फौजदारकी नको," आमची मंडळी म्हणाली. पण सवय जाते होय! दोन-तीन संध्याकाळी जिन्यात उभा राहिलो. कोणी चढलं नाही, उतरलं नाही. खुर्च्या मात्र सरकल्या.

शेवटी दार वाजवलं. आफ्रिकेतून आलेला म्हातारा, कडक इस्त्रीचा कोट. आत लांबलचक टेबल, भोवती रिकाम्या खुर्च्या. हा मात्र दाराशीच उभा. चौकशीत माणूस काय बोलतो यापेक्षा उभा कसा राहतो, ते मी आधी बघतो. हा पहाऱ्यावर होता.

"मीही पोलीस," मी इंग्रजीत म्हणालो. "कोणाचा पहारा?"

म्हाताऱ्याने एकदा खुर्च्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "आमच्या पहिल्या मंत्रिमंडळाचा. देश नुकता स्वतंत्र झाला होता. बैठक चालू असताना बदलीचा शिपाई आला. दार त्याच्या हवाली करून मी जेवायला गेलो. तो बदलीचा नव्हताच. एकही मंत्री जिवंत बाहेर आला नाही."

आमच्याकडे लॉकअपचा पहारा बदलताना नवा शिपाई आधी आतली डोकी मोजतो, मगच चार्ज घेतो. मी विचारलं, "त्याने आत जाऊन माणसं मोजली?"

"नाही. नियम आमचाही तोच होता, पण मी त्याला हटकलं नाही." त्याचे डोळे वाहायला लागले. "आता ते रोज येऊन बसतात. मला दार सोडता येत नाही."

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, म्हाताऱ्याच्या समाधानासाठी एवढं करायला आपलं काय जातं? कडक सॅल्यूट ठोकला आणि एकेका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मोजत गेलो. शेवटची पाठ कोमट लागली. हात झटकन मागे घेतला.

"सगळे हजर. चार्ज घेतला," मी कसंबसं म्हणालो. त्याने घराची एक किल्ली माझ्या हातात दिली आणि मटकन खाली बसला.

मुलीने तक्रार मागे घेतली, त्याचं घर वाचलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला आमच्याकडे चहाला बोलावलं. तो निवांत बिस्किट बुडवून खात होता, आणि वर खुर्च्या सरकल्या.

"बाबा," मुलगी पांढरीफटक पडली, "वर कोण आहे?"

म्हाताऱ्याने मानही वर केली नाही. त्याची ड्यूटी संपली होती.

नोकरीत कितीदा चार्ज घेतला, सही ठोकली आणि विसरून गेलो. चार्ज म्हणजे काय, हे या केसने शिकवलं. खिशातली किल्ली चाचपली, कोट चढवला आणि जिन्याकडे निघालो.