शांतामावशीचा हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. चर्चच्या पाळकानं दुसऱ्यांची पापं ऐकायची. आपली कुणाच्या पदरात टाकायची? आज तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐका.

आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, थोडी; सास्तूरकडच्या चार-दोन खेड्यांतली. तिच्यात शांतामावशी होती. ख्रिस्तावरचा विश्वास सोड म्हणून सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं होतं. तिनं सोडला नाही. लोकांच्या रानात खुरपून जन्म काढला. कुणी आजारी पडलं की तिला बोलावणं जायचं. ती कपाळावर हात ठेवायची – "बापा, लेकरू लई कळवळतंय, तूच बघ." झाली प्रार्थना. मी अर्धा अर्धा तास करायचो – आणि लोक माझं 'आमेन' ऐकून तिच्याकडं जायचे. माझ्या पोटात दुखू लागलं. दुसरं काय?

एका रविवारी मी उपदेशात ठणकावलं – अगदी ख्रिस्तानंतरच्या पहिल्या मंडळीपासून हात ठेवण्याचा अधिकार पाळकपदाची दीक्षा घेतलेल्यांचाच. खोटं होतं ते. शिकताना मी वाचलं होतं – त्या काळी विश्वासापायी जे साखळदंडात राहिले, त्यांना काही ठिकाणी दीक्षेवाचूनच मंडळीचे वडील, म्हणजे पाळकांच्या बरोबरीचे, मानत. उपदेश लिहिताना ते आठवलं. मावशीही आठवली. आणि तेवढंच मी गाळलं.

मावशी भांडली नाही. तिनं हात ठेवणं बंद केलं.

पुढं मला डेंगी झाला. हाडं ठणकत होती, आणि – कसं सांगू? – प्रार्थना येईना. शब्द होते, पलीकडं कुणी ऐकतंय असं वाटेना. खरं म्हणजे कितीतरी वर्षं वाटत नव्हतं. मावशी भेटायला आली. खाटेशी बसली, हात पदराखाली.

"पाळकसाहेब, हात ठिवू का?"

मला तो हात हवा होता. इतकं काही मी देवाकडंही कधी मागितलं नव्हतं. पण मंडळीचे पंच दारात उभे होते – त्यांच्यादेखत कसं हो म्हणू?

"नको, मावशी."

"बरं," ती म्हणाली. उशाशी दोन मोसंब्या ठेवून गेली.

मी सलाईनवर बरा झालो. उन्हाळ्यात मावशी वारली. मातीच्या वेळी मीच प्रार्थना केली, चांगली लांबलचक. तो उपदेश मात्र मी आजतागायत मागं घेतलेला नाही.

अजूनही रविवारी उपासना संपली की लोक रांगेनं येऊन माझ्यापुढं डोकं वाकवतात. मी हात ठेवतो.